अर्धे तिकीट आणि पुरा भाव

(जिल्हा बैठकीत झालेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या विषयपत्रिकेवर कापूस खरेदीच्या खालोखाल 'ज्येष्ठांच्या सवलती' असा विषय छापला आहे. तो वाचून काही कार्यकर्त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या, हे आमच्या कानावर आले आहे. त्यांचे म्हणणे असे, की आपण आजवर सूट नको, सबसिडी नको, मालाला भाव द्या असे म्हणत आलो. मग आता म्हाताऱ्यांचे तिकीट स्वस्त करा, पगार वाढवा म्हणून सरकारपुढे हात पसरायचा काय? प्रश्न रास्त आहे. त्याला बगल देऊन पुढे जाता येणार नाही, म्हणून आज आधी तोच घेऊ.

पहिल्यांदा आज काय मिळते ते पाहू. महाराष्ट्रात ६५ वर्षे पुरी झालेल्या माणसाला एस.टी.त अर्धे तिकीट आहे. २६ ऑगस्ट २०२२ पासून ७५ वर्षांवरच्यांना राज्यात प्रवास मोफत झाला. १७ मार्च २०२३ पासून बायांना, मग वय काहीही असो, अर्धे तिकीट झाले. म्हणजे घरातली सत्तर वर्षांची म्हातारी आणि तिची वीस वर्षांची नात, दोघींचे तिकीट आज सारखेच. पंचवीस ते पासष्ट वयाचा, पऱ्हाटीत डवरा धरणारा बाप्या तेवढा पुरे पैसे देतो. असो. तो काही आजचा विषय नाही.

या सवलतीचा हिशोब मांडू. समजा आपल्या गावाहून तालुक्याचे तिकीट ४० रुपये आहे. ६५ वर्षांचा माणूस जाऊन येऊन ८० ऐवजी ४० रुपयांत परत येतो. महिन्यातून दोनदा गेला, एकदा बाजाराला आणि एकदा बँकेत नाही तर दवाखान्यात, तर महिन्याचे ८० रुपये वाचले. वर्षाचे ९६०. आता त्याच माणसाच्या घरी दहा क्विंटल कापूस झाला आणि व्यापाऱ्याने ओलावा दाखवून क्विंटलमागे शंभर रुपये कापले, तर गेले १,०००. वर्षभराची सवलत एका बैलगाडीच्या काट्यावर संपली, वर चाळीस रुपये घरचे गेले. म्हणून आमचे जे मित्र म्हणतात की सवलतीपेक्षा भाव मोठा, ते शंभर टक्के बरोबर आहेत. त्यांच्याशी आमचा वाद नाही.

पण वाद वेगळ्या ठिकाणी आहे. हे ९६० रुपये भीक आहेत की थकबाकी, हा खरा प्रश्न.

आज जो पंच्याहत्तरीत आहे, तो १९५० च्या आसपास जन्मला. १९७२ च्या दुष्काळात तो बाविशीतला गडी होता. रोजगार हमीवर त्याने खडी फोडली, पाझर तलावाची माती वाहिली. त्याच १९७२ पासून या राज्यात कापसाची एकाधिकार खरेदी सुरू झाली. पुढची तीस वर्षे, म्हणजे त्याच्या अंगात जोर होता तेवढी सगळी वर्षे, त्याने कापूस सरकारच्याच केंद्रावर घातला. दुसऱ्याला विकायचा नाही, गुजरातेत भाव चढा असला तरी सीमेपार न्यायचा नाही, नेला तर गुन्हा. ग्रेड कोणती लावायची ते ग्रेडर ठरवणार. चुकारा कधी द्यायचा ते महासंघ ठरवणार. त्यातून पुन्हा भांडवल निधी, चढउतार निधी अशा नावांनी कपात. ज्वारीचे तेच. ज्यांच्याकडे जमीन त्यांच्यावर लेव्ही, आणि लेव्हीचा भाव बाजाराच्या खाली. त्या ज्वारीवर शहरातली रेशन दुकाने चालली. आम्ही कुणाला दोष द्यायला हे उकरून काढत नाही. पण तीस वर्षे ज्याच्या घामातून पैसा वळता करून घेतला, त्याला पंच्याहत्तराव्या वर्षी तालुक्याला फुकट नेऊन आणले, तर उपकार कोणावर कोणी केला?

दुसरी गोष्ट. सूतगिरणीत काम करणाऱ्या कामगाराचा भविष्यनिर्वाह निधी कापला जातो, तेवढीच भर मालक घालतो. मालक ती भर खिशातून घालत नाही, ती सुताच्या किमतीत धरतो. त्यात गैर काही नाही. माणूस चाळीस वर्षे राबला तर पुढच्या वीस वर्षांची भाकर त्याच्या मालाच्या किमतीतच निघायला पाहिजे. कापड दुकानात धोतरजोडी घेताना आपण सगळे गिरणी कामगाराच्या म्हातारपणाचे थोडे थोडे पैसे भरतो. पण त्या सुताचा कापूस ज्याने पिकवला, त्याच्या म्हातारपणाचे पैसे कापसाच्या किमतीत कुठे धरले आहेत?

हमीभाव काढताना उत्पादन खर्च कसा मोजतात ते तुम्हाला आम्ही अनेकदा फळ्यावर मांडून दाखवले आहे. बी, खत, औषध, भाड्याचा ट्रॅक्टर, मजुरी हे धरतात. घरच्या माणसांच्या श्रमाची किंमत शेतमजुराच्या दराने धरतात. मोठ्या हिशोबात स्वतःच्या जमिनीचा खंड आणि भांडवलावरचे व्याजही धरतात. पण शेतकरी थकल्यावर काय खाईल, याचा रकाना त्या तक्त्यात नाही. फंड नाही, ग्रॅच्युइटी नाही, पेन्शन नाही. आम्ही कृषी महाविद्यालयात हे तक्ते पाठ केले, परीक्षेत लिहून मार्क मिळवले. तो रकाना का नाही, असे कोणत्या तासाला कोणी विचारले नाही.

म्हणून आमचे म्हणणे असे. भावाची लढाई सोडायची नाही. पण जोवर भावात म्हातारपण धरले जात नाही, तोवर म्हाताऱ्याला जे काही मिळते ते त्याच्याच पैशातून आलेले आहे. ते मागताना मान खाली घालायचे कारण नाही.

आणि सवलत मेहेरबानी म्हणून घेतली की काय होते, तेही पाहा. रेल्वेत साठीवरच्या पुरुषाला ४० टक्के आणि ५८ वर्षांवरच्या बाईला ५० टक्के सूट होती. मार्च २०२० मध्ये करोनाच्या तोंडावर ती बंद केली. कारण सांगितले की म्हाताऱ्यांनी प्रवास टाळावा. करोना गेला, गाड्या भरभरून धावू लागल्या, सूट काही परत आली नाही. आपल्या भागातून आषाढीला रेल्वेने पंढरपूरला जाणारी किती म्हातारी माणसे आहेत! एका हुकुमाने त्यांची सूट गेली आणि कुठे पान हलले नाही. दिलेली वस्तू देणाऱ्याच्या मर्जीवर असते. येणे वसूल करायला मात्र मागे उभे राहावे लागते.

आता थोडे लांबचे उदाहरण सांगतो, आपल्या कामाचे आहे. अमेरिकेत नदी-तळ्यावर गळ टाकून मासे धरायचे तर सरकारी परवाना लागतो. तिथे बहुतेकांसाठी ती सुटीच्या दिवसाची हौस आहे. आपल्या तलावावर पहाटे जाळे टाकणारा भोई किंवा ढिवर बांधव पोटासाठी पाण्यात उतरतो, त्याची गोष्ट निराळी. तर तिथे अनेक राज्यांत म्हाताऱ्यांना हा परवाना स्वस्त आहे. टेक्सास राज्यात गोड्या पाण्याचा वर्षाचा परवाना ३० डॉलरचा. ६५ वर्षांवरच्या रहिवाशाला तो १२ डॉलरला मिळतो, आणि जे १ जानेवारी १९३१ च्या आधी जन्मले त्यांना परवानाच लागत नाही. फ्लोरिडात ६५ वर्षांवरच्या रहिवाशाला परवाना काढावा लागत नाही.

ऐकायला छान वाटते. पण त्यात एक गोम आहे. त्या देशात १९५० साली एक कायदा झाला. डिंजेल आणि जॉन्सन या दोन लोकप्रतिनिधींच्या नावाने तो ओळखला जातो. गळ, काठी, दोरी अशा सामानावर केंद्र सरकार कर घेते आणि तो पैसा मासे आणि पाणी जपण्यासाठी राज्यांना वाटून देते. वाटायचे कसे? ४० टक्के राज्याच्या क्षेत्रफळावर आणि ६० टक्के परवानाधारकांच्या संख्येवर. आणि परवानाधारक कोण? ज्याने पैसे भरून परवाना घेतला तो. ज्याला परवान्यातूनच माफी दिली, तो माणूस रोज तळ्यावर बसत असला तरी त्या मोजणीत येत नाही. त्याच्यामागे राज्याला यायचा पैसाही येत नाही. म्हणून तिथल्या मत्स्य खात्यांत पूर्ण माफीपेक्षा थोडी तरी फी ठेवा, अशी मागणी होत असते. म्हाताऱ्याने दहा-बारा डॉलर द्यावेत आणि मोजले जावे.

हे वाचले तेव्हा आम्हाला आपल्या एस.टी.चा कंडक्टर आठवला. ७५ वर्षांवरच्या माणसाने आधार कार्ड दाखवले की कंडक्टरने मशीनमधून शून्य रुपयांचे तिकीट काढून द्यायचे असते. ते तिकीट कशाला? सवलतीचे पैसे राज्य सरकार महामंडळाला भरून देते, आणि ती मागणी तिकिटांच्या आकड्यावर होते. म्हणजे शून्य रुपयांचे तिकीट हे शून्य नाही. ते सरकारवरचे बिल आहे. पण होते काय? फाट्यावरून म्हातारा चढतो, कंडक्टर ओळखीचा असतो, "बसा बाबा, तुम्हाला काय तिकीट" म्हणतो. म्हातारा खूश, कंडक्टरचे काम वाचले. दोघांच्याही मनात पाप नाही. पण संध्याकाळी आगारात हिशोब गेला, तेव्हा त्या फेरीत तो म्हातारा बसलाच नव्हता. असे चार म्हातारे रोज बसले आणि मोजले गेले नाहीत, की फेरीचे भारमान कागदावर पडते. मग एक दिवस आगारातून उत्तर येते, की तुमच्या गावच्या गाडीला प्रवासी नाहीत, फेरी बंद करण्यात येत आहे.

आम्ही हे एका आगारात प्रत्यक्ष ऐकले आहे. गावकरी सांगत होते गाडी भरून जाते, साहेब वही दाखवत होते गाडी रिकामी जाते. दोघेही आपापल्या परीने खरे बोलत होते.

आणि फेरीच बंद झाली तर त्या अर्ध्या तिकिटाचे करायचे काय? सवलत कागदावर राहते, म्हातारा फाट्यावर. मग तो काळीपिवळीत बसतो. तिथे अर्धे तिकीट नाही, पाऊण नाही, आणि बसायला मिळाले तर नशीब. ज्या गावाला एस.टी. जात नाही त्या गावच्या माणसाला या सवलतीतला एक पैसा मिळत नाही. ही सवलत आडरानातल्या कोरडवाहू गावापेक्षा हमरस्त्यावरच्या गावाला जास्त मिळते. तिकिटाची सूट वाढवून मागण्याआधी गाडी मागितली पाहिजे, असे आमचे मत झाले आहे. ते नीट विचार करून झाले आहे.

आता वयाकडे वळू. सरकारच्या लेखी माणूस म्हातारा कधी होतो? २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यात ६० व्या वर्षी. केंद्राच्या वृद्धापकाळ पेन्शनमध्येही ६० व्या वर्षी. राज्याच्या श्रावणबाळ योजनेत ६५ व्या. एस.टी.च्या अर्ध्या तिकिटाला ६५ व्या, पुऱ्या माफीला ७५ व्या. ऑक्टोबर २०२४ पासून उत्पन्न न पाहता पाच लाखांपर्यंतच्या उपचाराचे आयुष्मान कार्ड मिळू लागले, त्याला ७० व्या. आणि गोपीनाथ मुंडे यांच्या नावाची शेतकरी अपघाताची जी योजना आहे, ती ७५ व्या वर्षी संपते. म्हणजे ७६ वर्षांचा म्हातारा रात्री जागलीला गेला आणि धुऱ्यावर साप चावून मेला, तर तो शेतकरी म्हणून मेला असे सरकार धरत नाही. मोफत एस.टी. मिळायला लागली, की वर्षभरात अपघाताचे दोन लाख गेले. हे कुणी मुद्दाम केले असे आम्ही म्हणणार नाही. एका खात्याला दुसऱ्याचे माहीत नसते, एवढेच. पण शेतातला म्हातारा निवृत्त होत नाही. वखर सुटला की राखण करतो, राखण सुटली की गोठ्यात गव्हाणीपाशी बसतो. ही वयाची अट काढून टाकावी, हा पहिला ठराव आम्ही मांडणार आहोत.

श्रावणबाळच्या उत्पन्नाच्या अटीवर दोन शब्द बोलणे भाग आहे. २०२३ साली या योजनेचे अनुदान महिना हजारावरून दीड हजार केले. पण कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा तेव्हाही वर्षाला २१ हजारच ठेवली. २१ हजार म्हणजे दिवसाला ५८ रुपयेही नाहीत. २०२५-२६ साठी मध्यम धाग्याच्या कापसाचा हमीभाव ७,७१० रुपये जाहीर झाला. खर्च वजा न करता मोजले तर तीन क्विंटल कापूस विकला की झाले २३,१३०. तीन क्विंटल कापसात म्हातारा श्रीमंत होतो! खर्च वजा करून मोजले तर कित्येकांचे उत्पन्न शून्याखाली जाईल, पण उणे उत्पन्नाचा दाखला तहसीलमध्ये मिळत नाही. मग माणूस काय करतो ते तुम्हा सगळ्यांना माहीत आहे. खोटा दाखला आणतो. ज्या माणसाने आयुष्यात कुणाचा पैसा बुडवला नाही, त्याला सत्तराव्या वर्षी सरकार खोटे बोलायला लावते. आमचा राग दीड हजारापेक्षा या गोष्टीवर जास्त आहे.

शेतकऱ्यांसाठी पेन्शन आहे की, असे कुणी म्हणेल. आहे. १२ सप्टेंबर २०१९ ला किसान मानधन योजना सुरू झाली. दोन हेक्टरपर्यंतच्या शेतकऱ्याने वयाप्रमाणे महिना ५५ ते २०० रुपये भरायचे, तेवढेच सरकार भरणार, साठीनंतर महिना ३,००० मिळणार. पण भरती १८ ते ४० वयातच. त्या वर्षी जो एक्केचाळीसचा होता तो बाहेर, मग साठी-सत्तरीच्या माणसाचे नावच नको. आणि जो अठराव्या वर्षी आत गेला त्याला पहिला हप्ता मिळणार २०६१ साली. तोवर तीन हजारांत काय येईल? केंद्राची वृद्धापकाळ पेन्शन १९९५ साली ७५ रुपयांनी सुरू झाली. पुढे ती २०० झाली, ऐंशी वर्षांवरच्यांना ५००. त्या दोनशेत आज सरकीची अर्धी पिशवी ढेपही येत नाही. ठरीव आकड्याची पेन्शन म्हणजे उन्हात ठेवलेला माठ. पाणी कुणी काढून घेत नाही, पण संध्याकाळी तळ दिसतो. महागाईबरोबर वाढेल अशी तरतूद सरकारी नोकराच्या भत्त्यात आहे, तीच इथे पाहिजे. हा दुसरा ठराव.

आता कामाचे. वयाचा पुरावा ही आपल्याकडची फार मोठी अडचण आहे. जुन्या लोकांपैकी अनेकांच्या आधार कार्डावर जन्मतारीख १ जानेवारी आहे, नाही तर नुसते वर्ष आहे. नोंदणी करणाऱ्या पोराने तोंडाकडे पाहून वर्ष टाकले. कुणाचे वय पाच वर्षे कमी लागले, तर श्रावणबाळच्या दीड हजाराप्रमाणे पाच वर्षांचे ९० हजार रुपये बुडाले. तारीख दुरुस्त करता येते, पण साधारणपणे एकदाच. म्हणून घाईने सेतूत जाऊन काहीतरी लिहून येऊ नका. आधी शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरचा उतारा काढा, नाही तर जन्म-मृत्यू नोंदीचा कोतवाल बुकाचा उतारा तहसीलमधून मिळतो का पाहा. मायबहिणींच्या बाबतीत शाळाच नसते आणि नाव लग्नात बदललेले असते. तिथे माहेरच्या गावाची नोंद शोधावी लागते. हे काम किचकट आहे. गावातल्या शिकलेल्या पोरांनी ते अंगावर घ्यावे. मोबाइलवर रात्री जागतातच, एक दुपार तहसीलमध्ये घालवावी.

आता आगारापुढे जायचे तर नुसता आरडाओरडा करून चालणार नाही. साहेब वही उघडतील, आपल्याजवळही वही पाहिजे. म्हणून प्रत्येक गावाने येत्या दोन बाजारांच्या दिवशी एक माणूस सकाळपासून फाट्यावर बसवायचा. कोणती गाडी किती वाजता आली, आलीच नाही तर तसे, किती माणसे चढली, त्यांत ६५ च्या वरची किती, ७५ च्या वरची किती, किती जण जागा नाही म्हणून राहिले, आणि काळीपिवळीने किती गेले, एवढे लिहायचे. बाबा लोकांना सांगायचे, की फुकट असले तरी तिकीट मागून घ्या आणि घरी खुंटीला अडकवून ठेवा. कंडक्टरशी भांडू नका, तो आपल्यातलाच आहे.

हे कागद पुढच्या महिन्याच्या बैठकीला येताना आणायचे. ज्या गावांच्या फेऱ्या बंद झाल्या आहेत त्यांनी बंद झाल्याची तारीख आणि आधीची वेळही लिहावी. सगळे कागद एकत्र करून आपण विभाग नियंत्रकांकडे जाऊ, आणि सोबत प्रत्येक तालुक्यातून दहा म्हातारे घेऊन जाऊ, एस.टी.नेच, तिकीट काढून. दोन्ही ठराव छापील आहेत, ते आता वाचून दाखवले जातील. ज्यांचा विरोध आहे त्यांनी उभे राहून बोलावे, मनात ठेवू नये. फाट्यावर बसणाऱ्यांची नावे चहानंतर तालुकावार लिहून घेऊ.